सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम वकील

लंडनहून निघणाऱ्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकाच्या १९४९ सालच्या एका अंकात मुंबईच्या एका तरुण डॉक्टरांचा अवघ्या सहा पानांचा निबंध छापून आला. सर्पगंधा या भारतीय वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय होता आणि लेखक होते डॉ. रुस्तम जाल वकील. वैद्यकाच्या इतिहासात या सहा पानांची नोंद रक्तदाबाच्या खाती झाली आणि ते योग्यच आहे. परंतु त्या मुळीचा प्रवास तेथे थांबला नाही. पुढील वीस-पंचवीस वर्षांत ती मनोरुग्णालयांतून प्रयोगशाळांतील सशांपर्यंत आणि उंदरांपर्यंत पोहोचली. ज्या ताणातून सुटकेचा मार्गच नाही, असा ताण सोसणारा प्राणी अखेर हातपाय गाळून का बसतो आणि त्या वेळी त्याच्या मेंदूत नेमके काय घडते, या प्रश्नाच्या रासायनिक बाजूकडे जाणारी वाट याच मुळीने दाखवली. डॉ. वकील यांच्या कार्याचा हा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही.

त्यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात १९११ च्या जुलैमध्ये झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात घेतले. त्या काळी असे शिक्षण घेतलेल्या तरुणाला विलायतेत स्थिरावणे अवघड नव्हते. डॉ. वकील मात्र मायदेशी परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात मानद वैद्य म्हणून काम करू लागले. हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले होते. तेथे भारतीय डॉक्टरांचीच नेमणूक व्हावी, अशी अट देणगीदारांनी घातलेली होती. गिरणगावाच्या मध्यावर उभ्या असलेल्या या रुग्णालयात हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती औषधाची.

चाळीसच्या दशकात उच्च रक्तदाब म्हणजे काय, हे आज समजणे कठीण आहे. रोज सकाळी एक गोळी घेऊन कामाला लागणाऱ्या आजच्या रोग्याला त्या काळच्या रोग्याची अवस्था कळणार नाही. रक्तदाब मोजता येत होता, पण उतरवता येत नव्हता. विश्रांती, मीठ वर्ज्य, नुसत्या भातावर आणि फळांवर ठेवलेला कडक आहार, पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, किंवा विषारी म्हणावीत अशी काही रसायने, एवढेच उपाय डॉक्टरांपाशी होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका चढला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली माणसासाठीही वैद्यकापाशी काही नव्हते, तर परळच्या चाळीतील गिरणी कामगारासाठी काय असणार!

सर्पगंधेची मुळी मात्र आपल्याकडे फार जुनी. सर्पदंशावर आणि वेडावर ती देत. बिहारकडे तिला चक्क ‘पागल की दवा’ म्हणत. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात या कुळाला ‘राउवोल्फिया’ हे नाव मिळाले ते सोळाव्या शतकातील लिओनार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. या गृहस्थांनी ही वनस्पती कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, ही त्यातली गंमत. दमट, सावलीच्या रानात ती वाढते. सांगली जिल्ह्यापुरते बोलायचे तर पश्चिमेकडे शिराळ्याच्या पुढे चांदोलीच्या अंगाला असणारी हवा तिला मानवणारी आहे. पूर्वेला कवठे महांकाळच्या उघड्या, कोरड्या माळावर ती आपणहून उगवायची नाही. तिची मुळी लोकांपर्यंत पोहोचे ती काष्ठौषधींच्या दुकानांतून.

विसाव्या शतकात आधुनिक विद्येच्या डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातून काही अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या प्रयोगशाळेत तिच्या गुणधर्मांचा अभ्यास झाला. १९३४ पासून हिमालया ड्रग कंपनीच्या ‘सर्पिना’ गोळ्या बाजारात होत्या आणि अनेक डॉक्टर त्या लिहून देत होते.

मग डॉ. वकील यांनी वेगळे काय केले? जे अनेकांना अनुभवाने माहीत होते, ते त्यांनी मोजले. मूळ कारण सापडत नाही अशा उच्च रक्तदाबाचे ५० रोगी त्यांनी निवडले. त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्तदाबाच्या नोंदी आठवड्यामागून आठवडे काटेकोरपणे ठेवल्या. चार आठवड्यांच्या अखेरीस दर पाचांपैकी चारांहून अधिक रोग्यांचा रक्तदाब उतरलेला दिसला. औषध हळूहळू लागू पडे आणि थांबवल्यावरही त्याचा परिणाम काही आठवडे टिके. मुळीतील काही अंश शरीरात एखादे कुलूप लावून जात असावा, अशी ही विलक्षण गोष्ट होती. तिचा उलगडा व्हायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली. रोगी शांत होतात, सुस्तावतात, हेही वैद्यांच्या नजरेतून सुटलेले नव्हते. डॉ. वकील मूळचे हृदयाचे वैद्य. त्यांचे लक्ष पाऱ्याच्या उंचीवर होते. आजच्या कसोट्यांनी पाहिले तर त्या अभ्यासात त्रुटी काढता येतील. तुलनेसाठी खोट्या गोळ्या घेणारा स्वतंत्र गट आज अनिवार्य मानला जातो. पण भारतातील जुन्या औषधाविषयी जगाने ऐकून घ्यावे असे लिहायचे, तर आकड्यांच्या भाषेत आणि जगाच्या बाजारपेठेतल्या नियतकालिकातच लिहिले पाहिजे, हे त्यांनी नेमके ओळखले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

हा निबंध बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला. त्यांनी आपल्या रोग्यांवर सर्पगंधा वापरून पाहिली. डॉ. वकील यांचे म्हणणे खरे ठरलेच, शिवाय एक गोष्ट विल्किन्स यांना प्रकर्षाने जाणवली. रोग्यांना विलक्षण निवांत वाटत होते. ज्या चिंतांनी ते पूर्वी अस्वस्थ होत, त्या चिंता त्यांना आता टोचत नव्हत्या. इकडे स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा कंपनीच्या संशोधकांनी १९५२ साली मुळीतील प्रमुख द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले आणि त्याला ‘रिसर्पिन’ असे नाव दिले. चार वर्षांनी रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार केले. मुळीची पूड जाऊन मिलिग्रॅमच्या अंशात मोजता येणारे औषध हाती आले.

त्यानंतर या मुळीने आपले ‘पागल की दवा’ हे नाव सार्थ केले. अहमदाबादचे डॉ. हकीम यांच्या मनोरुग्णांवरील अनुभवाची बातमी अमेरिकेपर्यंत पोहोचली होती. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयाचे डॉ. नेथन क्लाइन यांनी शेकडो रुग्णांना सर्पगंधा आणि रिसर्पिन देऊन १९५४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागणारे, कपडे फाडणारे, अंगावर धावून जाणारे रुग्ण शांत झाले होते. औषधाचा गुण सर्वांत आधी रुग्णालयाच्या काच बसविणाऱ्या कारागिराच्या ध्यानात आला, असे सांगतात. कारण फुटक्या तावदानांचे त्याचे काम एकाएकी कमी झाले. १९५७ चा अल्बर्ट लास्कर पुरस्कार क्लाइन, रॉबर्ट नोस, आंरी लाबोरी, पियेर देनिकेर आणि हाइन्झ लेहमान यांच्याबरोबर डॉ. रुस्तम वकील यांना मिळाला. बाकीची मंडळी मनोविकारांवरील औषधांसाठी गौरवली गेली होती. त्यांच्या पंक्तीत मुंबईचा हा हृदयरोगतज्ज्ञ बसला होता. पुढच्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

गौरवाच्या या वर्षांतच औषधाची काळी बाजूही पुढे येत होती. वॉशिंग्टनचे डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी १९५४ साली एक इशारा दिला. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रोग्यांना खोल उदासीनतेने घेरले होते. कामावरचे लक्ष उडालेले, झोप पहाटेच मोडणारी, कशातच रस नाही. रक्तदाब उतरला होता, पण माणूसही उतरला होता. त्यानंतर असे वृत्तांत एकामागून एक येत गेले. काहींना विजेचे झटके देण्याची वेळ आली. ज्या औषधाने अनेकांना पक्षाघातापासून वाचवले असेल, तेच औषध काहींना जगणे नकोसे करत असेल, तर डॉक्टरने काय करायचे? हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मुंबईपासून बोस्टनपर्यंत लाखो रोगी तेव्हा हे औषध घेत होते.

उत्तर शोधण्यासाठी संशोधक प्राण्यांकडे वळले. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय हृदय संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांची प्रयोगशाळा होती. मनाच्या रसायनाची पहिली मोठी उकल हृदय संस्थेत व्हावी, हा योगायोग डॉ. वकील यांच्या कथेला शोभणाराच आहे. द्रव्यांच्या अत्यल्प मात्रा प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे एक नवे यंत्र तेथे नुकतेच तयार झाले होते. त्याच्या मदतीने १९५५ साली ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रिसर्पिन दिल्यावर सशांच्या शरीरातील सेरोटोनिन हे द्रव्य आपल्या साठ्यांतून बाहेर पडते आणि नाहीसे होते. दुसऱ्या वर्षी एडिंबरोत होल्झबाउअर आणि मार्था फोग्ट यांना मांजरांच्या मेंदूतील नॉरअॅड्रेनॅलिनही घटलेले आढळले.

घडते काय, ते असे सांगता येईल. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो अशा द्रव्यांच्या द्वारे. पेशीच्या टोकाशी असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत हे द्रव्य कणगीत धान्य भरावे तसे भरून ठेवलेले असते. रिसर्पिन या कणग्यांची तोंडे बंद करते. आत नवे धान्य जाऊ शकत नाही, असलेले गळून जाते आणि बाहेर राहिलेले पेशीतील विकरे नष्ट करतात. कणग्या रिकाम्या पडतात. एकदा लागलेले हे कुलूप सहजी निघत नाही. पेशीला नव्या कणग्या बनवाव्या लागतात आणि त्याला दिवसांमागून दिवस लागतात. औषध थांबवूनही रक्तदाब काही आठवडे उतरलेलाच राहतो, ही डॉ. वकील यांची १९४९ ची नोंद अशी उलगडली.

आणि ज्याच्या कणग्या रिकाम्या झाल्या त्या प्राण्याचे काय? रिसर्पिन दिलेला ससा पाहणाऱ्याला विसरता येत नाही, असा असतो. कान पडलेले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, अंगाचे मुटकुळे. तो बेशुद्ध नसतो. त्याला अर्धांगही झालेला नसतो. जगाशी त्याचे जणू काही देणेघेणेच उरलेले नसते. ब्रोडींच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून स्वीडनला परतलेले आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली अशा सशांना आणि उंदरांना डोपा हे द्रव्य टोचले. काही मिनिटांतच ससे उठले, कान उभारून इकडेतिकडे पाहू लागले, हिंडू लागले. त्यातून मेंदूतील डोपामिनचे महत्त्व उघड झाले. पुढे कंपवाताच्या रोग्यांना डोपा मिळाले आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल. क्षयावरील इप्रोनायझिड हे औषध आधी दिले, तर रिसर्पिनने प्राणी सुस्त होण्याऐवजी उलट चपळ होतात, हेही दिसले. त्या औषधाने विकरांना रोखले जाते, म्हणजे गळालेले धान्य नष्ट होत नाही. उदासीनतेवरील पहिल्या औषधांपैकी ते एक ठरले. १९६५ साली जोसेफ शिल्डक्रॉट यांनी हे सारे धागे एकत्र करून माणसाच्या उदासीनतेमागेही मेंदूतील अशा द्रव्यांची उणीव असावी, असा सिद्धान्त मांडला.

येथवर औषधाने आलेली गलितगात्रता झाली. औषधावाचूनही प्राणी असा होऊ शकतो का? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच दिशेने आले. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ओव्हरमायर, सेलिग्मन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे धक्के बसत, पण डोक्याने एक फळी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटाला अगदी तेवढेच, तितकाच वेळ धक्के बसत. मात्र त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला धक्के नव्हतेच. नंतर सर्वांना मधोमध ठेंगणा आडोसा असलेल्या पेटीत ठेवले गेले. तेथे आडोशावरून उडी मारली की सुटका होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्री ते चटकन शिकली. दुसऱ्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश कुत्री थोडा वेळ धडपडली आणि मग कण्हत खाली पडून राहिली. वाट मोकळी होती, तरी ती उठली नाहीत. ‘शिकलेली असहायता’ हे नाव या अवस्थेला मिळाले. या प्रयोगांतील निर्दयपणावर पुढे टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पण दोन गटांना बसलेला धक्का सारखाच होता, फरक होता तो फक्त तो थांबवणे हाती असण्या-नसण्याचा, हा त्यातील मुद्दा खोल होता.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी हाच फरक उंदरांच्या मेंदूत शोधला. दोन उंदरांच्या शेपट्या एकाच तारेने जोडलेल्या. धक्का दोघांना एकदमच बसे आणि एकदमच थांबे. परंतु तो थांबवणारे चाक फिरवणे एकाच्याच हाती होते. दुसऱ्यापुढेही चाक होते, पण ते फिरवून काही होत नसे. परिणाम असा की, असहाय उंदराच्या जठरात व्रण अधिक झाले, त्याचे वजन अधिक घटले आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याच्या मेंदूतील नॉरअॅड्रेनॅलिन उतरलेले आढळले. चाक ज्याच्या हाती होते, त्याच्या मेंदूत ते उलट वाढलेले होते. परिस्थितीवर ताबा नसणे ही केवळ मनाची समजूत नव्हती; तिची रासायनिक खूण मोजता येत होती.

आता दोन वाटा एकमेकींना मिळाल्या. वाइस आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली टेट्राबेनझीन हे रिसर्पिनचेच काम करणारे, पण थोडा वेळ टिकणारे औषध उंदरांना दिले. धक्के न देताही ते उंदीर असहाय उंदरांसारखे वागू लागले. सुटकेची वाट असूनही ती घेईनात. कॅनडात हायमी अनिसमन यांच्या गटाने १९७९ साली असेच निष्कर्ष काढले. कणग्या औषधाने रिकाम्या केल्या काय किंवा न टळणाऱ्या ताणाने झिजवल्या काय, वागणे बरेचसे सारखे दिसत होते. परळच्या रोग्यांना निवांत करणारी आणि फ्रीस यांच्या काही रोग्यांना उदास करणारी मुळी असहायतेच्या अभ्यासाचे साधन झाली होती.

डॉ. वकील स्वतः या वाटेने गेले नाहीत. ते रोग्यांचे डॉक्टर होते आणि तसेच राहिले. १९५५ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी सर्पगंधेवरील जगभरच्या लेखनाचा सविस्तर आढावा घेतला. त्यात भारतीय पूर्वसूरींना मानाचे स्थान होते. नंतर त्यांचे लक्ष हृदयविकाराच्या झटक्यापूर्वीच्या अवस्थेकडे वळले. छातीत वारंवार दुखते आहे, पण झटका अजून आलेला नाही, अशा रोग्यांना वेळीच ओळखून रक्त पातळ करणारी औषधे दिली तर पुढचा अनर्थ टळू शकतो, असे त्यांनी १९६१ पासूनच्या निबंधांत मांडले. आज आणीबाणीच्या विभागात हे गृहीत धरले जाते. तेव्हा ते नवे होते. १९६५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. डॉ. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले रोगनिदानाचे पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी झिजेपर्यंत वाचले. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या वैद्यक-ग्रंथाची पहिली आवृत्ती १९६९ साली त्यांच्याच संपादनाखाली निघाली. वैद्यकाच्या इतिहासावर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि त्यावरही त्यांनी पुस्तके लिहिली.

रिसर्पिनच्या बाजूने मोठा पुरावा याच काळात आला. उदासीनतेचा इशारा देणाऱ्या फ्रीस यांनीच १९६७ आणि १९७० साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचणीतून सिद्ध केले की, रक्तदाब औषधांनी उतरवला तर पक्षाघात आणि मृत्यू खरोखरच टळतात. त्या तीन औषधांपैकी एक होते रिसर्पिन, अल्प मात्रेत. भारतात याच मिश्रणाच्या धर्तीवरील ‘अॅडेल्फेन-एसिड्रेक्स’ ही स्वस्त गोळी घरोघरी पोहोचली. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये रिसर्पिनमुळे स्तनाचा कर्करोग होत असावा, असे तीन अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि खळबळ उडाली. पुढील अभ्यासांत तो संशय टिकला नाही. पण ते पाहायला डॉ. वकील नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात मुळीविषयीच्या अनेक ठाम समजुती सैल झाल्या. रिसर्पिनने उदासीनता येते, हे पाठ्यपुस्तकांत दशकानुदशके निःशंकपणे लिहिले गेले. पण जुने वृत्तांत तपासणाऱ्यांना दिसले की, त्यांतील बऱ्याच रोग्यांना गुंगी आणि सुस्ती होती. खरी उदासीनता मुख्यतः मोठ्या मात्रेत, आणि ज्यांना ती पूर्वी होऊन गेली होती, अशांना आलेली होती. १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या चाचणीत तर चिंताग्रस्त व उदास रुग्णांना रिसर्पिनने बरे वाटले होते. सिद्धान्ताशी न जुळणारी ही चाचणी जवळजवळ विस्मरणात गेली. २००३ साली बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी रिसर्पिनजन्य उदासीनतेला दंतकथाच म्हटले. शास्त्रातही जी गोष्ट कथेत नीट बसते तिला लवकर जागा मिळते, याचे हे उदाहरण आहे.

असहायतेचे चित्रही पालटले. मायर आणि सेलिग्मन यांनीच २०१६ साली आपल्या मूळ मांडणीत दुरुस्ती केली. न टळणाऱ्या दीर्घ ताणापुढे गप्प पडून राहणे ही प्राण्याची शिकलेली नव्हे, तर उपजत प्रतिक्रिया आहे, असे ते म्हणतात. मेंदूच्या बुंध्यातील राफे नावाच्या पेशीसमूहातून सेरोटोनिनचा लोट सुटतो आणि प्राणी निश्चल होतो. शिकावा लागतो तो ताबा. आपल्या कृतीने काही बदलते, हे एकदा कळले की मेंदूच्या पुढच्या भागातील पेशी राफेला आवर घालतात आणि त्या अनुभवाचे संरक्षण पुढच्या संकटातही मिळते. म्हणजे नॉरअॅड्रेनॅलिनची कणगी रिकामी होते हे खरे, पण त्याच वेळी सेरोटोनिनचा पूरही येतो. कमी-जास्तीचा साधा हिशेब मेंदूला लागू पडत नाही.

उंदरावरून माणसावर उडी मारणे धोक्याचे आहे, हे या सगळ्या इतिहासाने शिकवले असूनही काही साम्य नजरेआड करता येत नाही. कवठे महांकाळच्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. पाऊस त्याच्या हाती कधीच नव्हता. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी या भागात आले, तेव्हा दुष्काळ हटला असे नव्हे. पण निदान काही शेतकऱ्यांपुढे फिरवून पाहण्याजोगे चाक आले. पंप बंद राहिले की ते चाकही निकामी. दुष्काळी भागातील माणसांच्या मनःस्थितीची चर्चा करताना पावसाचे मिलिमीटर मोजले जातात. हातात किती होते आणि किती नव्हते, याचे मोजमाप क्वचितच होते.

रक्तदाबासाठी रिसर्पिन आता फारसे लिहून दिले जात नाही. सौम्य आणि सोयीची औषधे आल्यावर ते मागे पडले. रानातील सर्पगंधा बेसुमार खणली गेल्याने विरळ झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तिच्या मार्गाने जाणाऱ्या टेट्राबेनझीनला अमेरिकेत २००८ साली हंटिंग्टन रोगातील अनावर हालचाली आवरण्यासाठी मान्यता मिळाली. त्या औषधाच्या माहितीपत्रकावर उदासीनतेचा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. प्रयोगशाळांत रिसर्पिनची कुपी मात्र अजून कपाटात असते. उदासीनतेवरचे किंवा कंपवातावरचे एखादे नवे द्रव्य पारखायचे झाले की उंदराला आधी तिच्यातला थेंब दिला जातो आणि तो पुन्हा उठून चालू लागतो का, ते पाहिले जाते.